खाडीवर न्यायचा कॅमेरा

आम्ही मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून बोलतोय. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. त्या खाडीत आम्ही पाहुण्यांना होडीतून फिरवतो, तिवरं आणि कांदळ दाखवतो, गरी टाकून मासे कसे धरायचे ते शिकवतो आणि दुपारी जेवायला घालतो. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बायकांनी कांदळवनाची सफारी सुरू केली, ती पाहून आम्हालाही हिंमत आली.

मागच्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यातल्या एका गटाच्या सचिवताईंचा फोन आला. त्याही मासेमारीच्या सहली सुरू करताहेत. म्हणाल्या, "तुम्ही कुठला कॅमेरा घेतलात? नाव सांगा, आम्ही तोच घेतो." आम्ही म्हटलं, ताई, नाव सांगतो, पण आधी आमचा पहिला कॅमेरा कसा गेला ते ऐका. त्यांना फोनवर सांगितलं तेच आज सगळ्यांना सांगतोय.

बचत गटाला कॅमेरा कशाला, असं काही जणींना वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण पाहुणा गरीला लागलेली तांबोशी हातात धरून उभा राहतो तेव्हा त्याला फोटो हवा असतो. त्याचा स्वतःचा फोन तो भीतीने पिशवीतून काढत नाही, किंवा काढतो आणि पाण्यात टाकतो. शिवाय आमची जाहिरात म्हणजे फोटोच. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा ओळी लिहिल्या तर कोणी वाचत नाही, पण सकाळी सातची खाडी, धुकं, त्यात एक होडी, एवढा एक फोटो टाकला की कोल्हापूर-बेळगावहून फोन येतात.

म्हणून आम्ही पहिला कॅमेरा घेतला. शहरातल्या एका दुकानातून, जुना, मोठ्या लेन्सचा, अठ्ठावीस हजारांना. आमच्या गटात दरमहा प्रत्येकी दोनशे रुपये बचत. अकरा जणींचे वर्षाचे सव्वीस हजार चारशे होतात. म्हणजे वर्षभराची बचत आणि वर आणखी काही, असा तो सौदा. दुकानदार म्हणाला, चोवीस मेगापिक्सेल आहे, लग्नाचे फोटो काढणारे हाच वापरतात. आम्ही मान डोलावली. तो पाण्यावर न्यायचा आहे हे आम्ही सांगितलंच नाही, आणि त्याने विचारलं नाही.

कॅमेरा वाईट नव्हता. जमिनीवर त्याने असे फोटो काढले की आम्ही बघत राहायचो. पण तिसऱ्या आठवड्यात बाजूने एक मोटरबोट जोरात गेली आणि तिची लाट आमच्या होडीत आली. कॅमेरा आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या सुनेच्या हातात होता. तिने पटकन पदराने पुसला. कॅमेरा चालत होता, म्हणून सगळ्या विसरल्या. पंधरा दिवसांनी बटण अडकायला लागलं, मग पडदा काळा झाला. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवला तर आत तांब्याला हिरवं चढलं होतं. तो म्हणाला, पाणी सुकतं हो, मीठ राहतं. हवेतला ओलावा मीठ ओढून घेतं आणि आतल्या तारा खात राहतं.

खरं नुकसान पुढे झालं. तिच्या हातात होता म्हणून तिची चूक, असं कोणीतरी बोललं. आम्ही गप्प बसलो. ती तीन बैठकांना आली नाही. चौथीला आली ती दोन हजार रुपये घेऊन. सतरंजीवर ठेवले आणि म्हणाली, बाकीचे हप्त्याने देते. घरी तिला काय ऐकावं लागलं असेल ते तिने सांगितलं नाही, आम्हाला कळलं. आमच्यातल्या काकी, वय साठच्या पुढे, त्या चिडल्या. म्हणाल्या, "गो, होडी फुटली तर वल्ह्यावाली भरता काय? कॅमेरो सगळ्यांचो, तर बुडीतय सगळ्यांचा." पैसे परत तिच्या हातात दिले आणि त्याच बैठकीत ठराव लिहिला: गटाची वस्तू गटाच्या कामात खराब झाली तर तोटा गटाचा. इतिवृत्तात अकरा सह्या आहेत. हा ठराव आम्ही कॅमेरा घेण्याआधी करायला हवा होता. तुम्ही आधी करा. नंतर केला तर कुणाला तरी मधल्या तीन बैठका घरी बसून काढाव्या लागतात.

त्यानंतर वर्षभर आम्ही कॅमेरा घेतला नाही. एका जुन्या मोबाइलवर भागवलं. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षात जे शिकलो ते आधी कोणत्याच दुकानात कळलं नसतं. म्हणून नवीन गटाला आम्ही सांगू, पहिला हंगाम मोबाइलवर काढा. प्लास्टिकची पाण्यात चालणारी पिशवी मिळते, गळ्यात अडकवायची. घेतल्यावर आधी तिच्यात मोबाइल घालू नका. कोरडा कागद घाला, दगड बांधा आणि रात्रभर हौदात बुडवून ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर पिशवी भाजी ठेवायला वापरा. आमच्या तीनपैकी एक अशीच गेली. दुसरी गोष्ट, ओल्या पिशवीवर बोटाने पडदा नीट चालत नाही. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने बहुतेक मोबाइलवर फोटो निघतो, ते आधी घरी करून बघा.

काही नव्या मोबाइलवर आयपी ६८ असं लिहिलेलं असतं. त्यातला सहा धुळीसाठी आणि आठ पाण्यासाठी. पाणी आत जात नाही असा त्याचा अर्थ. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते. खारं पाणी त्यात धरलेलं नाही. आणि बहुतेक मोबाइलच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान भरून मिळत नाही. वॉरंटीचा कागद वाचायचा कंटाळा करू नका. बीए झालेल्या आम्हीसुद्धा पहिल्या वेळी वाचला नव्हता.

आता दुसरा कॅमेरा. या वेळी दुकानात जाण्याआधी बैठकीत बसून एवढंच लिहिलं की आपल्याला फोटो कुठून, कसले आणि कोण काढणार. उत्तरं आली ती अशी: होडीतून, हलत. हात ओले, कधी माशाच्या चिकटीने भरलेले. माणूस आणि मासा जवळून, खाडी आणि तिवरं लांबून. काढणारी दर वेळी वेगळी, कारण जिची पाळी तिच्या हातात कॅमेरा. आणि तिघी-चौघींना इंग्रजी वाचता येत नाही. एवढं लिहिल्यावर मोठ्या लेन्सचा कॅमेरा आपोआप बाद झाला. तो वाईट म्हणून नव्हे, आपल्या कामाचा नाही म्हणून.

मेगापिक्सेलचं भूत मात्र आधी उतरवावं लागलं. ए-फोर कागदावर चांगला फोटो छापायचा तर साधारण नऊ मेगापिक्सेल लागतात. बारा असले की भरपूर. स्टॉलच्या बॅनरलासुद्धा चालतात, कारण बॅनर लोक चार पावलं लांबून बघतात. मग महागात काय मिळतं? आत प्रकाश झेलणारा जो तुकडा असतो, सेन्सर म्हणतात त्याला, तो मोठा असतो. पागोळीखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल? तसंच. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर सव्वासहा मिलिमीटर लांब आणि साडेचारच्या थोडा वर रुंद, मोठ्या लेन्सच्या साध्या कॅमेऱ्याचा बावीस बाय पंधराच्या आसपास. क्षेत्रफळ काढलं तर दहापटीहून जास्त. म्हणून संध्याकाळी, ढगाळ हवेत मोठ्याचा फोटो स्वच्छ येतो आणि छोट्याचा रवाळ दिसतो. हे माहीत असूनही आम्ही वाटीच घेतली. कारण परात भरून आली तरी एका लाटेत जाणार होती.

झूमबद्दलही ऐका. लेन्स पुढे सरकून जवळ आणते तो खरा झूम. दुसरा असतो तो नुसता फोटो ताणतो. भाकरीचा गोळा तेवढाच, थापून मोठी केली की पातळ होणार, तसा तो फोटो फुटका दिसतो. दुकानात खरा झूम किती, ऑप्टिकल किती, एवढंच विचारा. पक्ष्यांसाठी निकॉनचा कूलपिक्स पी ९५० आहे, त्यात ८३ पट झूम आहे. घारीचा डोळा दिसेल, पण पाण्यात चालत नाही आणि हलत्या होडीत एवढा झूम केला की पक्षी चौकटीत सापडतच नाही. गो प्रो नावाचा छोटा चौकोनी कॅमेरा पाण्यात दहा मीटरपर्यंत तसाच जातो, व्हिडिओला छान. पण त्यात सगळं लांब दिसतं, हातभर मासा बोटभर होतो. ज्याने मासा धरला त्याला ते अजिबात आवडत नाही!

आम्ही शेवटी ऑलिंपसचा टफ टीजी-६ घेतला. तो २०१९ साली निघाला. आता त्याच्यापुढचा टीजी-७ आहे, ओएम सिस्टिम या नावाने येतो. बारा मेगापिक्सेल, खरा झूम फक्त चार पट, पंधरा मीटर पाण्यात चालतो, सुमारे सात फुटांवरून पडला तरी चालतो असं कंपनी सांगते. सचिवताई, हे घ्या नाव. पण चार पट झूममध्ये लांबचा खंड्या ठिपक्याएवढाच येतो आणि अंधार पडला की फोटो बिघडतो, हे मनाशी धरून घ्या. पैसे म्हणाल तर वर्षभराची बचत, होडीच्या कमाईतून बाजूला काढलेले आणि थोडं कर्ज ग्रामसंघाकडून. ते जूनमध्ये फिटलं.

या कॅमेऱ्यातली एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. तो एक सेंटीमीटरवरून फोटो काढतो. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण असतात, झाड जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. आम्ही पाहुण्यांना पान चाटून बघा म्हणायचो. आता फोटो काढून दाखवतो, साखरेसारखे खडे दिसतात. शाळेची सहल आली की मुलं त्या पानावरून हलत नाहीत. देखावा म्हणजे फक्त सूर्यास्त नव्हे, हे आम्हाला त्या पानाने शिकवलं.

पाण्यात चालणारा कॅमेरा जुना मात्र घेऊ नका. त्याच्या दारांना रबराची कड असते, पाणी अडवते ती तीच. ती जुनी होते. वर्षातून एकदा बदलून घ्यावी असं कंपन्याच सांगतात. त्या कडेवर एक केस, वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरतं. म्हणून होडीत दार उघडायचं नाही, बॅटरी आणि कार्ड घरूनच बघून निघायचं. आल्यावर कॅमेरा दार बंद ठेवून गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवायचा, बटणं दाबून आतलं मीठ सोडवायचं, सुती कापडाने टिपायचा, सावलीत सुकवायचा आणि मगच दार उघडायचं. ही बादली आमच्याकडे लाल रंगाची आहे आणि तिला दुसरं काही लावायचं नाही, असा दंडक आहे. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो. कोकणात लेन्सला बुरशी धरते, आणि कपाटातल्या साड्यांमध्ये ठेवलेला कॅमेरा सगळ्यात आधी बिघडतो.

आणि हो, पाण्यात चालतो म्हणजे तरंगतो असं नाही! आमच्या खाडीत ओहोटीला कमरेएवढं पाणी असलं तरी तळाला चिखल, पडलेली वस्तू दिसत नाही. पंधरा मीटरचा कॅमेरा दीड मीटरात हरवायचा. म्हणून फुगा असलेला नारिंगी पट्टा लावलाय. तोही आधी हौदात तपासला, कॅमेऱ्याएवढं वजन बांधून. आत्तापर्यंत दोनदा पडला, दोन्हीदा वर आला. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी लाइफ जॅकेट घ्या. कॅमेरा पुढच्या हंगामात.

फोटो काढायचं म्हणाल तर आमची शाळा होडीतच झाली. दुपारचं ऊन वाया, सकाळी नऊच्या आत आणि चारनंतर काढा. सूर्य पाठीशी घ्या, पण माणसाचे डोळे मिचमिचे होत असतील तर जरा बाजूला. उन्हात पडदा दिसत नाही, पदराची सावली करा. त्यासाठी पदर अजून तरी उत्तम आहे, कॅमेरा पुसायला मात्र नको. होडी हलते, म्हणून एकामागून एक पाच-सहा काढा आणि घरी येऊन एक ठेवा. उभं राहू नका. बसून, कोपर अंगाला टेकवून. मासा कॅमेऱ्याकडे लांब करून धरायला लावू नका, खोटा मोठा दिसतो आणि बघणाऱ्याला ते कळतं. छातीशी धरायला सांगा. सोडून द्यायचा छोटा मासा असेल तर ओल्या हातानेच धरा आणि लवकर पाण्यात जाऊ द्या. फोटोसाठी मासा मारायचा नाही. पाण्यावरची चमक फार असेल तर पोलरॉइडचा म्हणतात तो गॉगल लेन्ससमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका बाजूला चमक जाते आणि खालचं पाणी, मुळं दिसतात. हे मोबाइललाही चालतं. आणि मोकळी खाडी एकटी काढली तर फोटो रिकामा वाटतो. कुठेतरी एक होडी, एक माणूस असू दे, म्हणजे तिवरं किती उंच ते कळतं.

दोन नियम आम्ही पाहुण्यांनाही सांगतो. एक, कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये फोटोबरोबर जागेची नोंद होते, ती आम्ही बंद ठेवतो. कालवं कुठल्या खडकावर लागतात ते आम्हाला आज्यांनी दाखवलंय. ते इंटरनेटवर जायला नको. दुसरा, काष्टा मारून कमरेएवढ्या पाण्यात कालवं काढणाऱ्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढायचा नाही. एका पाहुण्याने काढला होता, लांबून. त्याला तो पुसायला लावला. तो नाराज झाला, पुन्हा आला नाही. चालेल.

उलट आमच्याच बाईने विचारून काढलेला एक फोटो आहे. चिडलेल्या त्या काकींचा, हातात कोयती, पुढ्यात टोपली, मागे पाणी. काढला त्या धाकट्या सुनेनेच. कॅमेरा पुन्हा हातात घ्यायला ती तयार नव्हती, काकींनीच मुद्दाम तिच्या हातात दिला. फोटो बघून काकी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "ह्यो फोटो कागदार मिळतलो?" त्यांचे कामावर असतानाचे फोटो नव्हतेच. एक लग्नातला, एक रेशनकार्डासाठी काढलेला, एवढेच. आम्ही मालवणात ए-फोर आकारात छापून आणला. यंदा मुंबईच्या महालक्ष्मी सरसला आमचा अर्ज आहे. जागा मिळाली तर बॅनरवर तोच फोटो लावायचा, असं ठरलंय. काकींना विचारलंय. त्या म्हणाल्या, लावा, पण टोपली भरलेली असतानाचा नवीन काढा.

उद्या सकाळी सहाला पुण्याच्या सहा जणांना घेऊन निघायचंय. भरती साडेआठपर्यंत आहे. कॅमेरा धाकटीच्या घरी चार्जिंगला लावलाय, बादली काकींच्या अंगणात भरून ठेवलीय. तुमच्या गटाचे काही प्रश्न असतील तर रेडिओच्या पत्त्यावर लिहा, पुढच्या वेळी तुमचं पत्र घेऊन बसू. नमस्कार.